लेकीच्या हातावरचा निळा पट्टा

माझ्या हातून आजवर झालेल्या चुका बायकोला क्रमवार पाठ आहेत. बरीच वर्षं पहिला नंबर आमच्या लग्नातल्या चुकीचा होता. वरातीच्या वेळी गडबडीत मी नवरदेवाची जीप सोडून बँडवाल्यांच्या टेम्पोत जाऊन बसलो होतो आणि टेम्पो निघून गेला होता. मागच्या वर्षी ही चूक दुसऱ्या नंबरावर घसरली. तिला मागं टाकणारी चूक मी लेकीच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी केली, आणि तीही शुद्धीत, हसत हसत, स्वतःवर खूश होऊन.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. बोरीच्या आजूबाजूच्या पाच-सहा गावांतल्या शेळ्या-मेंढ्यांना लशी टोचणं हे माझं निम्मं आयुष्य. गावातले लोक मला डॉक्टर म्हणतात, खरे डॉक्टर मला "अहो, जरा बाजूला व्हा" म्हणतात. बायको अंगणवाडीत आहे. तिचा लहान लेकरांशी आणि माझा कोकरांशी संबंध, म्हणून घरात कुणाचं जास्त चालतं हे सांगायला नको.

लेक सात वर्षांची. तिला ऑटिझम आहे. तिच्याजवळ शब्द आहेत, पण ती ते जपून वापरते. जिथं एका शब्दात भागतं तिथं ती दुसरा खर्च करत नाही. तिला सगळं क्रमानं लागतं. आधी डावी चप्पल, मग उजवी. आधी वरण, मग भात, आणि दोन्ही गार. रांग तर तिचा जीव की प्राण. घरातल्या वाट्या, बुटं, चिंचोके, माझ्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, जे हाती लागेल ते ती रांगेत उभं करते.

म्हणून रविवारी ती माझ्याबरोबर लसीकरणाला येते. मेंढरं कुंपणाच्या फटीतून एकेक करून बाहेर निघतात. मी सुई टोचतो, ती डब्यात कुंचला बुडवून मेंढराच्या पाठीवर निळा पट्टा ओढते आणि म्हणते, "झालं." कळपात कुणाला टोचलं, कुणाला राहिलं हे कळावं म्हणून ही खूण. पट्टा असला की त्या जनावराला परत हात लावायचा नाही. हा नियम मीच तिला शिकवला आणि माझ्यापेक्षा तीच तो जास्त पाळते. एकदा माझ्या ध्यानात आलं नाही आणि पट्टा असलेली एक शेळी मी परत धरली. लेक तिथंच लेंड्यांत बसली आणि मी शेळी सोडेपर्यंत तिनं सगळं शिवार डोक्यावर घेतलं. शेळीचा मालक म्हणाला, "साहेब, तुमच्यापरीस पोरगी हुशार हाय. पगार तिलाच देत जावा."

तर अशी आमची लेक झोपेत घोरायची. थोडंथोडकं नाही. तोंड उघडं, मान मागं टाकलेली, आणि मधेच श्वास बंद. मग एक मोठा आचका देऊन ती उठून बसायची. झोप अशी नाहीच. दिवसभर चिडचिड, कान धरून रडणं, शाळेत बाकावर डोकं टेकून पडणं. आम्ही समजत होतो की हे ऑटिझमचंच असेल. परभणीच्या नाक-कान-घसा डॉक्टर बाईंनी एक्स-रेचा फोटो काढला आणि सांगितलं, "नाकाच्या मागं अॅडिनॉइड म्हणून एक गादी असते. हिची इतकी वाढलीय की नाकातून हवा जायला जागाच नाही. ती काढावी लागेल."

मी विचारलं, "मग बाकीचं सगळं...?"

बाईंना प्रश्न कळला. त्या म्हणाल्या, "हे बघा, या ऑपरेशननं ऑटिझम जात नाही. ती जशी आहे तशीच राहील. फक्त श्वास घेईल आणि झोपेल. तुम्हाला झोप लागली नाही तर तुम्ही कसे वागता?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "ते नका विचारू बाई."

पहिली तारीख ठरली तेव्हा लेकीला ताप आला. दुसऱ्या तारखेला आम्ही वेळेवर पोचलो, पण भुलीचा मास्क दिसताच ती ट्रॉलीखाली शिरली आणि ट्रॉलीचा पाय असा धरला की दोन माणसांना सोडवेना. भुलीचे डॉक्टर भले गृहस्थ. ते म्हणाले, "जबरदस्ती नको. घाबरवून झोपवलं तर उठताना ती डबल घाबरेल. घरी न्या, महिनाभर तयारी करा. पुढच्या वेळी तिचा पहिला नंबर लावू." मग जरा थांबून म्हणाले, "मी इथं गुरुवारीच असतो आणि अकराला दुसरीकडं जातो. या वेळी जमलं नाही तर मोठ्या शहरातच न्यावं लागेल." मोठं शहर म्हणजे सहा तासांची गाडी, अनोळखी लॉज, अनोळखी आवाज. म्हणजे आमच्या लेकीला धरून बसायला ट्रॉलीचे चारही पाय.

मग तयारी सुरू झाली. बायकोनं चित्रांची कार्डं केली: आंघोळ, गाडी, दवाखाना, हिरवा झगा, मास्क, झोप, उठणं, गार दहीभात. मी तालमी घेतल्या. वाफ घ्यायचा मास्क आणला, अंगणातली बाज म्हणजे ऑपरेशनचं टेबल, आणि पेशंट मी. मी बाजेवर पडायचं, तोंडावर मास्क धरायचा, एक ते पाच मोजायचं आणि घोरायचं. मग तिची पाळी. पहिले आठ दिवस ती फक्त बघायची. मग तिनं मास्क हातात धरला. मग बाहुलीला लावला. मग मला लावला, आणि मी पाचऐवजी चारवरच घोरलो तर "पाच" म्हणून परत मोजायला लावलं. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतः पडली. शेजारच्या काकू रोज कुंपणावरून बघायच्या. एक दिवस न राहवून त्यांनी बायकोला विचारलं, "ऑपरेशन कुणाचं हाय गं नक्की? तुझा नवराच रोज मरायलाय."

आदल्या दिवशी शेवटची तालीम घेतली. सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत. लेक एकदाही अडली नाही. आपणहून पडली, पाचपर्यंत मोजलं, डोळे मिटले, आणि वर माझ्यासारखी घोरलीसुद्धा. मला असा काही आनंद झाला की मी धावत जाऊन बॅगेतून रंगाचा डबा काढला आणि तिच्या मनगटावर एक झकास निळा पट्टा ओढला. "झालं!" मी म्हणालो.

तिनं हात उजेडात धरून पट्टा न्याहाळला. एवढा मान तिला कधी मिळाला नव्हता. "झालं," ती म्हणाली.

बायको दारातून म्हणाली, "आवं, हे कशाला?"

"बक्षीस."

"मेंढरं हायत का घरात?"

"तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो. हे वाक्य मला ती अजून ऐकवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं कार्डाप्रमाणं झालं. आंघोळ झाली, गाडी झाली, दवाखाना आला. लेक शांतपणे पायऱ्या चढली. मी तर रिसेप्शनवरच्या माणसाला न विचारता सांगितलं, "महिनाभर तयारी करून घेतलीय मी." तेवढ्यात सिस्टर हिरवा झगा घेऊन आल्या. लेकीनं बाही वर केली, हात पुढं केला आणि म्हणाली, "झालं."

"काय झालं बाळा?"

"झालं." तिनं पट्ट्यावर बोट ठेवलं आणि दाराकडं चालायला लागली.

सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पट्टा म्हणजे झालं. झालेल्याला परत धरायचं नाही. नियम माझा, रंग माझा, आणि पट्टा मीच माझ्या हातानं ओढलेला.

मी पहिला उपाय केला तो पुसायचा. स्पिरिट आणलं, साबण आणला, खोबरेल तेल आणलं. हा रंग मेंढीच्या लोकरीवर उन्हापावसात पंधरा दिवस टिकतो, तो माझ्या कापसाच्या बोळ्याला काय दाद देतो! वर तिनं हात मागं घेतला आणि माझ्याकडं असं पाहिलं, जसा एखादा माणूस सरकारी शिक्का खोडणाऱ्याकडं बघेल.

मग मी त्याहून मोठा गाढवपणा केला. तिच्यासमोर उकिडवं बसून म्हणालो, "बेटा, तो पट्टा खोटा होता. पप्पानं गंमत केली होती."

तिचा चेहरा पार उतरला. दोन्ही हात कानावर गेले, आणि ती बाकाखाली जाऊन बसली, भिंतीकडं तोंड करून. तिथून बारीक, एकसुरी रडणं सुरू झालं. मला फार उशिरा कळलं की मी काय बोललो. तिच्या जगात ज्या चार-पाच गोष्टी पक्क्या होत्या त्यातली एक मी भर दवाखान्यात मोडीत काढली होती. पट्टा खोटा असू शकतो, तर मग कार्डं पण खोटी असतील, पाच आकडे पण खोटे असतील, उठणं पण खोटं असेल.

साडेनऊ झाले होते. लेकीच्या पोटात रात्रीपासून अन्न नाही, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. भुलीचे डॉक्टर येऊन उभे राहिले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमच्या कायद्यानं हिचं ऑपरेशन काल झालंय?"

"हो."

"कुणी केलं?"

"मी."

"बरं," ते म्हणाले. "माझ्याकडं अर्धा तास आहे."

बायको मला म्हणाली, "तुमी जरा लांब बसा." मी जाऊन पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिलो. ती बाकाखाली, लेकीपासून हातभर अंतर ठेवून, फरशीवर बसली. बराच वेळ दोघी भिंतीकडं तोंड करून बसल्या. रडणं हळूहळू उतरलं. मग बायकोनं तिथूनच मला आवाज दिला.

"आवं, तुमचं ते दुसऱ्यांदा टोचायचं असतंय ना? पंधरा दिवसांनी? त्याला कोणता रंग लावता?"

"आंत्रविषाराचा बूस्टर. लाल."

"हं," ती म्हणाली. मग लेकीला, मऊ आवाजात, "निळा खरा हाय. निळा झाला. आज लाल."

मी टाकीजवळ खिळलोच. माझ्या धंद्यातली गोष्ट, मी अकरा वर्षं करत आलेली, आणि मला सुचली नाही. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. काल एकदा झालं, आज दुसऱ्यांदा. दोन डोस लागतात.

बाकाखालून आवाज आला, "लाल?"

"लाल."

बाकाखालून निळ्या पट्ट्याचा हात बाहेर आला. मग, "लाईन."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी भानावर आलो. "बरोबर आहे तिचं," मी डॉक्टरांना म्हणालो, "बूस्टरला एकटं जनावर कधीच येत नाही. सगळा कळप रांगेनं निघतो. तिची रांग लागेल."

भुलीच्या डॉक्टरांनी घड्याळाकडं पाहिलं, मग सिस्टरकडं. "तुमच्याकडं लाल मार्कर आहे ना, फाइलवर लिहायचा?"

"आहे सर."

"चला मग. कळप गोळा करा."

आम्हाला दोघांना झगे, टोप्या आणि दवाखान्याच्या चपला मिळाल्या. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापासून टेबलापर्यंत रांग लागली: सिस्टर, भुलीचे डॉक्टर, बायको, मी, आणि माझ्या मागं लेक. ती मधूनच पुढं जाऊन सिस्टरला खांद्याला धरून सरळ करायची. सिस्टर टेबलावर बसल्या, डॉक्टरांनी मास्क त्यांच्या तोंडाशी धरला, सगळ्यांनी मिळून पाच मोजले, आणि लेकीनं त्यांच्या मनगटावर लाल पट्टा ओढला. "झालं." डॉक्टर बसले. त्यांना मास्क सिस्टरनं धरला. पट्टा घेताना ते म्हणाले, "जरा बारीक काढ गं. दुपारी दुसऱ्या दवाखान्यात लोक विचारतील." तिनं तो बऱ्यापैकी जाड काढला. ऑपरेशन करणाऱ्या बाई हात धुवायला निघाल्या होत्या, त्यांनी दारातूनच कोपर पुढं केला, "माझा इथं काढ, हात धुवायचेत." रांग मोडून आलेल्या गिऱ्हाईकाकडं लेकीनं नाराजीनं पाहिलं, पण काढला.

मग बायको झाली. मग मी.

मी टेबलावर आडवा झालो. खरं सांगतो, वर तो मोठा दिवा, तोंडावर रबराचा वास. रोज दहा जनावरं आडवी पाडणाऱ्या मला स्वतः आडवं झाल्यावर घाम फुटला. पाच मोजून मी उठायला लागलो तर लेकीनं माझ्या छातीवर हात ठेवला. तिला पुढचं हवं होतं. तालमीत मी घोरायचो ना!

सगळ्यांसमोर कसं घोरायचं? मी हळूच जरा घुर्र केलं. ती हलली नाही. मग मी लाजलज्जा सोडून, आमच्या अंगणात घोरायचो तसा घोरलो. भिंतीपलीकडून कुणीतरी "काय झालं?" म्हणून विचारलं. भुलीचे डॉक्टर खाली वाकून माझ्या कानात म्हणाले, "साहेब, तुमचाही एकदा फोटो काढून घ्या."

माझ्या मनगटावर लाल पट्टा आला. मी उतरलो. आता रांगेत एकच जण उरला होता.

लेक टेबलाकडं बघत उभी राहिली. मग ती स्टुलावर डावा पाय ठेवून चढली, पडली, आणि मास्क आपल्या हातानं ओढून घेतला. "एक," ती म्हणाली. "दोन." तिसऱ्या आकड्याचा पहिला अर्धा भाग आम्हाला ऐकू आला. तिचा हात सैल पडला तेव्हा सिस्टरनं तो धरून ठेवला, आणि बायकोनं मार्कर घेऊन निळ्याच्या खाली लाल पट्टा ओढला. पट्टा जरा नागमोडी आला.

आम्हाला बाहेर काढलं. मी बाकावर बसलो. बायको म्हणाली, "टेम्पोवाल्या चुकीच्या वर गेली ही."

"हो," मी म्हणालो.

"लय वर."

"हो."

मग तिनं माझा हात धरला आणि दार उघडेपर्यंत सोडला नाही. बाई बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "छान झालं. बरीच मोठी होती. बघायचीय का?" मी म्हणालो, "दाखवा ना, आम्हाला काय सवय आहे." त्यांनी छोटी वाटी पुढं केली. अंगठ्याच्या पेराएवढा मांसाचा तुकडा. मी शेळ्यांच्या पोटातून याहून दसपट काय काय काढलंय, पण तो बघताच मी बाकाऐवजी फरशीवर बसलो. सिस्टर धावत पाणी घेऊन आल्या. ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या आधी मला पाणी मिळालं.

लेक उठली ती रडतच. हातातली सुई तिला नको होती, आजूबाजूचे आवाज नको होते, आम्ही पण नको होतो. बायको तिच्यावर चादर तंबूसारखी धरून बसली, आणि मी दारात राहून येणाऱ्याला गप्प करत होतो. संध्याकाळपर्यंत तिनं तीन चमचे दहीभात खाल्ला. दोन दिवस घसा दुखला, ती कुशीत यायची आणि ढकलायची. चौथ्या दिवशी तिला वास यायला लागले. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. ती प्रत्येक वस्तू नाकाशी नेऊ लागली: वाटी, चप्पल, भिंत, आईचा पदर. वरणात हिंग असतो हे तिला सात वर्षांनी कळलं आणि वरण बंद झालं. मेथी सुरू झाली. पाहुणे फोन करून विचारायचे, "बोलायला लागली का?" बायको म्हणायची, "न्हाई, हुंगायला लागली."

पण आमचे कान अजून झोपेवरच होते. पहिले काही दिवस सूज होती, घोरणं होतंच. मला वाटायला लागलं की झालं, सगळं वाया गेलं. बायको म्हणायची, "थांबा जरा." आम्ही थांबलो.

आणि दोन आठवड्यांनी एका सकाळी मी फोनच्या आवाजानं जागा झालो. एका मेंढरंवाल्या मामांचा फोन होता.

"साहेब, कुठं हाव? मेंढरं बांधून बसलोय कवापासून. ऊन वर आलंय."

मी खिडकीकडं पाहिलं. ऊन खरंच आत आलं होतं, पार आमच्या पलंगापर्यंत. घड्याळात आठ वाजून गेले होते. आमच्या घरात गजर कधी लावावाच लागला नव्हता; पहाटे चारच्या पुढं लेक कुणालाच झोपू द्यायची नाही. शेजारी बायको गाढ झोपलेली. अंगणवाडीत निघायची वेळ टळून गेली होती. आणि तिच्या पलीकडं लेक, कुशीवर, हात गालाखाली. तोंड मिटलेलं.

मी पलंगावरून वाकून कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. घाबरून हात नाकाशी नेला. कोमट, बारीक, सरळ हवा येत होती आणि जात होती.

"साहेब?" फोनमध्ये मामा ओरडले. "ऐकू येतंय का?"

मी फोन पोटाशी धरून बाहेर पळालो. "हळू बोला मामा," मी कुजबुजलो. "आलोच. आमच्याकडं झोपलेत लोक."

"आठ वाजता?"

"हो," मी म्हणालो. "आठ वाजता!"

बायको उठून दारात आली होती. तिनं ओठावर बोट ठेवलं, दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि माझ्या हातात बॅग दिली. मी गाडी स्टँडवरून काढली. किक मारायला पाय उचलला, तर तिनं तिथूनच डोळे वटारले. मग मी ती जड गाडी ढकलत, चपला फरफटत, बोळाच्या पार टोकापर्यंत नेली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "बंद पडली का हो?"

"न्हाई काकू," मी म्हणालो, "चांगली चालायलीय," आणि अजून वीस पावलं ढकलली.